गुंडू मेस्ताचे पाटे

गुंडू मेस्त माणसाचं तोंड आधी बघत नसे. आधी मागून बघे. माणसाचंही आणि मोटारीचंही.

मालवणच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हाची गोष्ट. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी एस.टी.तून उतरलो, टपावरची ट्रंक खाली घेतली आणि बघतो तो गाडीच्या मागच्या चाकाशी एक किडकिडीत इसम उकिडवा बसलेला. खाकी अर्धी चड्डी, उघडं अंग, खांद्यावर कळकट पंचा. एक डोळा मिटून तो गाडीच्या बुडाखाली एकटक बघत होता. बिचाऱ्याचं काहीतरी पडलं असावं, अशी समजूत करून घेऊन मी ट्रंक उचलली. दहा पावलं गेलो नाही तोच मागून आवाज आला.

"गुरुजी, तुमचो डावो पाटो बसलो आसा."

मी वळलो. मी मास्तर आहे हे त्यानं माझ्या छत्रीवरून ओळखलं असेल, पण पाटा?

"नेहमी डाव्या खांद्याक पिशी लावतास. आता उजव्याक लावा. नायतर पन्नाशीत कण्हत बसशात."

एवढं बोलून तो पुन्हा गाडीखाली बघू लागला. मी खोलीवर गेलो, दार लावलं आणि आरशासमोर उभा राहिलो. डावा खांदा खरोखरच उतरलेला होता. पस्तीस वर्षं माझ्या आईला, बायकोला आणि मला स्वतःला जे दिसलं नव्हतं, ते या माणसाला दहा पावलांत दिसलं. दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी उजव्या खांद्याला लावली आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्याही दिल्या.

पाटे म्हणजे मोटारीच्या चाकांवर असतात त्या पोलादी पट्ट्या. एकीवर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या. गाडीचं सगळं ओझं त्या झेलतात आणि रस्त्याचे धक्के स्वतः खातात. वर्षानुवर्षं ओझं वाहून त्यांचा बाक गेला की 'पाटे बसले' म्हणतात. मग ते काढून, भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा वाकवावे लागतात. हे काम करणारा आमच्या पंचक्रोशीत एकच मेस्त, म्हणजे मिस्त्री, होता आणि तो गुंडू.

कूळ लोहाराचं. बाप बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा. गुंडू लढाईच्या काळात कुठल्याशा लष्करी कारखान्यात गेला, तिथे पाट्यांचं काम शिकला, आणि लढाई संपल्यावर हत्यारांची एक पेटी आणि मूठभर हिंदी शिव्या घेऊन परत आला. धुरीवाड्याच्या वळणावर माडाच्या झापांच्या छपराखाली त्याची भट्टी होती. भाताही तोच ओढी आणि घणही तोच मारी. लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर म्हणे, "पाट्यांर एकट्याचा ओझा बसता, तितक्या पुरे."

गिऱ्हाइकाला बसायला त्यानं दोन जुन्या पाट्यांवर फळी टाकून बाक केलं होतं. त्यावर माणूस बसला की फळी हळूच खाली जाई. गुंडू हातातलं काम न सोडता तिरप्या नजरेनं बघे आणि सांगे, "एक मण सोळा शेर." लोकांनी खोबऱ्याच्या वखारीतल्या काट्यावर जाऊन पडताळा घेतला होता. दोन शेरांच्या वर फरक कधी पडला नाही. गावातल्या अंगानं भरलेल्या मंडळींनी मग गुंडूशी उभ्याउभ्याच बोलायची सवय लावून घेतली.

"घाई आसा तर दुसरीकडे जावा," हे त्याचं गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य. "दुसरीकडे कोण नाय, म्हणान हय बसा," हे दुसरं. काम झालं का असं विचारलं तर "बसान बघूया" एवढंच. आणि खरोखरच तो बसून बघे. दुरुस्त झालेल्या गाडीच्या मागच्या फळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवी, स्वतः शेजारी मांडी घाली आणि गाडी कुंभारमाठापर्यंत न्यायला लावी. परत आल्यावर तांब्यात बोट बुडवून किती पाणी सांडलं ते मोजी. पाणी जास्त सांडलं असेल तर पाटे पुन्हा खाली उतरत. एकदा खोबऱ्याचा एक व्यापारी तिसऱ्या फेरीला भडकला. "अरे, माझ्या गाडयेतसून खोबरा जाता, पाणी न्हय!"

गुंडू शांतपणे म्हणाला, "खोबऱ्याक तोंड नाय म्हणान तेका धक्के बसणत नाय?"

जगातल्या सगळ्या माणसांचे त्याच्या लेखी दोनच प्रकार होते, कडक पाट्याचे आणि मऊ पाट्याचे. मऊ पाट्याचा माणूस थोड्या ओझ्यानं टेकतो. कडक पाट्याचा ओझं चांगलं झेलतो, पण रिकामा असला की उडतो. आमचे हेडमास्तर एकदा रस्त्यातच मला फैलावर घेत होते. ते गेल्यावर गुंडू भट्टीतून म्हणाला, "पाटे कडक, नि वर माल काय नाय. मगे उडतलो नाय तर काय करतलो?" त्यानंतर आठवडाभर हेडमास्तर बोलू लागले की मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागे.

ही तिरकस नजर आणि ही जीभ गुंडूला एकदाच महागात पडली होती, पण चांगलीच पडली होती.

त्याला एक थोरली बहीण होती, गोदाक्का. दिली होती मालवणातच, मेढ्यात. धुरीवाडा ते मेढा पंधरा मिनिटांची वाट. गोदाक्का अंगानं दणदणीत, हातात कळशी घेतली तर तिचा तांब्या वाटावा. मी मालवणात येण्याच्या बऱ्याच आधी एका चतुर्थीला ती नवऱ्याबरोबर आणि सासरच्या माणसांबरोबर बैलगाडीनं माहेरी गणपतीला आली होती. परत जाताना ती गाडीत मागच्या बाजूनं चढू लागली, तेव्हा गुंडू नेहमीप्रमाणे मागून बघत उभा. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आक्का, पुढे सरकान बस गो. मागे बसलंस तर बैलांचे पाय वर जातले."

सगळे हसले. सासू सर्वांत जास्त हसली. गोदाक्का गाडीतून खाली उतरली आणि टळटळीत उन्हात चालत मेढ्याला गेली. त्या दिवसापासून माहेरचा उंबरा तिनं शिवला नाही. चार लोकांनी गुंडूला सांगितलं, जा, दोन शब्द बोलून ये. तर याचं एकच पालुपद, "खोटा काय सांगलंय?"

अकरा वर्षं. अकरा भाऊबिजा. भाऊबिजेच्या दिवशी गुंडू भट्टी बंद करून पहाटेच कसालला जाई. तिकडे कुणाचा तरी ट्रक अडकून पडलाय म्हणे. कसालला दर भाऊबिजेलाच ट्रक कसा काय बिघडतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मी राहायला मेढ्यात, गोदाक्काच्या शेजारी. शाळा धुरीवाड्याकडे. म्हणजे रोज दोनदा मी भावाच्या दारावरून जाई आणि बहिणीच्या दारावरून येई. या भूगोलाचा पुढे मला फार त्रास झाला.

माझ्या तिसऱ्या वर्षी गोदाक्कानं अंथरूण धरलं. मणक्याला कीड लागली होती. वर्षभर पडून राहिली तरी गुण येईना. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "मिरजेला नेऊन ऑपरेशन करा. पण न्यायची ती आडवी न्या. हिसका बसता कामा नये. बसला तर पाय जातील, आणि कदाचित बाईही जाईल."

आता मालवण ते मिरज म्हणजे तांबड्या मातीचा रस्ता, मध्ये फोंड्याचा घाट. एस.टी.त धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होत. बोटीनं मुंबईला न्यावं, तर किनाऱ्यावरून पडावात आणि पडावातून बोटीवर चढवायचं कसं? सगळे हात टेकून बसले. बसले नाहीत ते एकटे दाजी.

दाजी म्हणजे गोदाक्काचे यजमान. सगळं गाव त्यांना दाजीच म्हणे. तीस वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी एक लहानसा ट्रक पाहिला होता. त्याच्या पाठीवर अख्खी लाकडी खोली बसवलेली. "खिडकेक पडदो," दाजी सांगत, "आणि आत घोव-बायल बसान मासो तळी होती. गाडी चलता आणि मासो तळता!" ही गोष्ट आम्ही दोनशे वेळा ऐकली होती. दोनशे एकाव्या वेळी दाजी म्हणाले, "तशी खोली मी बांधतंय. आत बोटीवरसारखी फळी मारतंय, तिच्यार गादी. हिका झोपवान मिरजेक न्हेतंय."

गाडी हसनभाईची. लढाईतली जुनी पिकप, लिलावात घेतलेली. तीतून तो बर्फातले मासे कोल्हापूरला नेई, त्यामुळे घाटाचं वळण न् वळण त्याला पाठ. त्यानं विचारल्याबरोबर होकार दिला. पण डोकंही खाजवलं. मासे आणि बर्फाच्या ओझ्यासाठी गुंडूनंच तिला मागे दोन्ही बाजूंना अकरा-अकरा कडक पाटे चढवले होते. त्या ओझ्यापुढे लाकडाची खोली आणि एक बाई म्हणजे काहीच नाही. गाडी घाटात उडत जाणार. उलट पाटे जास्त उतरवले, तर खड्ड्यात गाडी टेकून खाडकन हिसका बसणार. पाटे हवे होते ते नेमके त्या ओझ्याचेच.

मग दाजी माझ्याकडे बघू लागले. हसनभाई माझ्याकडे बघू लागला. आतून गोदाक्काचा आवाज आला, "गुरुजींका सांगा, कोणाच्या पाया पडू नका म्हणान. जमला तर बरा, नायतर मी हय मरूक तयार आसय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गुंडूच्या त्या हलत्या बाकावर बसलो आणि सगळं सांगितलं. तो घण मारत होता. डॉक्टर काय म्हणाले ते सांगताना घण वरच्या वर थांबला. मग पुन्हा सुरू झाला. पाटा थंड होऊन काळा पडला तरी तो मारतच होता. शेवटी म्हणाला, "माल कितक्याचो?"

"कसला माल?"

"खोली कितक्याची होतली? आणि आतलो... आतलो माल कितक्याचो?"

बहीण हा शब्द तोंडातून निघाला नाही. पण हसनभाईची गाडी त्याच संध्याकाळी भट्टीसमोर उभी राहिली, आणि तिच्यापुढे मामलेदारांची जीप चार दिवस तशीच पडून राहिली. मामलेदारांच्या शिपायालाही घाई असेल तर दुसरीकडे जायची परवानगी मिळाली.

आता माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. गुंडूचं फर्मान असं की खोलीची प्रत्येक फळी वखारीतल्या काट्यावर तोलून मगच ठोकायची. दाजींनी फणसाच्या फळ्या तोलल्या. पण दाजींचा जीव बोटीवर वाढलेला. आज भिंतीला कपाट, उद्या स्टोव्हला कठडा, परवा पाण्याच्या पिंपाला बैठक. मी निरोप नेला की गुंडू उतरवलेला पाटा पुन्हा चढवी आणि म्हणे, "दाजींका सांगा, ही गाडी आसा, बोट न्हय." मी तिकडे सांगितलं की दाजी म्हणत, "मेस्ताक सांगा, तेणी जग बघूक नाय." मी दोन्ही निरोप इमानदारीनं पोचवत होतो. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला सांगितलेलं तसंच्या तसं म्हणून दाखवायची खोड असते.

शेवटी कपाट गेलं, पिंप गेलं, खिडकी आणि पडदा तेवढा राहिला. मग गुंडूनं विचारलं, "आणि माल?"

मी गोदाक्काकडे गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, हनुवटीपर्यंत गोधडी. चेहरा मोठा होता, कुंकू मोठं होतं. गोधडीखाली मात्र मला काही फारसं दिसेना.

"आक्का, गुंडू वजन विचारतोय. त्याशिवाय पाटे बसवता येत नाहीत."

तिनं तोंड वळवलं. डोळ्यांत जुना राग लख्ख. "सांगा त्या मेस्ताक, होती तितकीच आसय. एक शेर कमी नाय."

"पण आक्का..."

"गुरुजी, तुमका देवाची आण आसा. मी बारीक झालंय असा आयकल्यान तर हसात मेलो."

मी गुंडूला तसंच सांगितलं. इथे मी चुकलो. आज कबूल करतो. मी म्हणायला हवं होतं, बाबा रे, गोधडीखाली मला काही दिसलं नाही. पण आण घातली होती, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांच्या मध्ये पडायची माझी छाती नव्हती. गुंडूनं मान डोलावली. अकरा वर्षांपूर्वीचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का होता. "सव्वादोन मण," तो म्हणाला. लगेच म्हणाला, विचारही न करता.

पुढचे आठ दिवस मी त्याला जसं काम करताना पाहिलं, तसं कधी पाहिलं नाही. अकरांतले पाच पाटे उतरवले. उरलेले एकेक करून तापवले, नवा बाक दिला, टोकं घासून गुळगुळीत केली, मध्ये ग्रीस भरलं. किनाऱ्यावरून रेती आणून बरोबर सव्वादोन मण भरून पोती शिवली आणि ती खोलीतल्या गादीवर माणूस झोपावा तशी लांबवर मांडली. पोत्यांच्या मधोमध तांब्या. कुंभारमाठ आणि परत. पहिल्या फेरीत अर्धा तांब्या सांडला. पुन्हा पाटे खाली. दुसरी फेरी, तिसरी, चौथी. हसनभाई म्हणाला, "मेस्ता, माशांनी कधी इतके लाड करून घेवक नाय." सातव्या फेरीनंतर गुंडूनं गादीवरून हात फिरवला. चार थेंब. मग एक बांबूची काठी जमिनीवर टेकवून गाडीच्या मागच्या कडेपर्यंत धरली आणि चाकूनं तिच्यावर खूण केली. माल चढला की गाडीची कड या खुणेवर बसायची, वर नको आणि खाली नको.

निघायच्या दिवशी सकाळी मेढ्यात माणसं जमली. गाडी बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, लावली होती. गुंडू आलेला, पण बहिणीच्या अंगणात पाऊल न टाकता रस्त्यावरच काठी घेऊन उभा. आमच्याकडे कुणी गावाबाहेर निघालं की दोन गोष्टी चुकत नाहीत. एक गाऱ्हाणं आणि दुसरी, बरोबर द्यायच्या पिशव्या. वाडीतल्या म्हाताऱ्यानं नारळ ठेवून देवाला हाक घातली, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सुखरूप न्हे, सुखरूप हाड..." आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" म्हातारा सगळ्या देवांची नावं घेऊ लागला तेव्हा गुंडू रस्त्यावरून ओरडला, "आवरा वाईच! ऊन चढला तर रस्तो तापतलो." तेवढ्यात बायकांनी नातेवाइकांसाठी आणलेल्या नारळांच्या, सोलांच्या, उकड्या तांदळांच्या पिशव्या गाडीकडे सरकू लागल्या. गुंडूनं काठी आडवी धरली. एक पिशवी आत जाऊ दिली नाही.

चौघांनी गोदाक्काला गादीसकट बाहेर आणलं. पायरीवरून उतरताना कुणीही दमलं नाही, ते माझ्या लक्षात आलं. खोलीतल्या फळीवर गादी अलगद सरकवली, दाजी पुढे जाऊन बसले, आणि गुंडू गाडीच्या मागे उकिडवा बसून काठी लावू लागला.

खूण आणि गाडीची कड यांत बोटभर अंतर होतं. गाडी वरच राहिली होती.

त्यानं काठी काढली, जमीन हातानं साफ केली, पुन्हा लावली. मग मान वर करून ओरडला, "कोणी गाडी उचलून धरली आसा? सोडा मरे!"

कुणी धरली नव्हती. सगळे चार पावलं मागे सरले.

"आक्का चढली?" त्यानं विचारलं. तो शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"चढली रे," दाजी पुढून म्हणाले.

गुंडू त्या बोटभर अंतराकडे बघत राहिला. माणसाचं वजन मागून बघून सांगणारा तो. त्याला सांगायची गरज कुणालाच पडली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुमी होती तितकीच आसा म्हणान सांगलात." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी खाली बघितलं.

सव्वादोन मणांसाठी वाकवलेले पाटे. त्यावर जेमतेम मणभर उरलेली बाई. घाटात गाडी उडणार, आणि डॉक्टरांचं बोलणं तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाटे पुन्हा उतरवायचे तर दोन दिवस जाणार, आणि ऑपरेशनचा दिवस ठरलेला.

मग सगळे एकदम बोलू लागले. पिशव्या पुन्हा पुढे आल्या. "नारळ घाल रे!"

"नारळ गडगडतत."

"तांदूळ घे."

"हिसक्याक सरकतत."

"तुझी ती रेतीची पोती हाड."

"ती तिच्या अंगार पडली तर?" गुंडू म्हणाला. "माल असो व्हयो की जो आपणाक धरून बसात." तो उठला. पंच्यानं हात पुसले, तोंड पुसलं, तोंड जरा जास्तच वेळ पुसलं. काठी हसनभाईच्या हातात दिली आणि खोलीत चढला. फळीच्या कडेला, बहिणीच्या कमरेशी, खाली बसला. हसनभाईनं काठी लावली. गाडीची कड खुणेवर येऊन बसली होती.

"बसली मेस्ता," हसनभाई म्हणाला.

 पडदा हलत होता. सगळा मेढा कान देऊन उभा. शेवटी गोदाक्काचा आवाज आला, क्षीण, पण खणखणीत.

"दार लाव मेल्या, धूळ येता."

गुंडूनं दार ओढून घेतलं. गाडी निघाली. बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या, आणि मला शाळेला उशीर झाला होता तरी मी जागचा हललो नाही.

गोदाक्का वाचली. ऑपरेशन झालं, तीन महिन्यांनी काठी टेकत चालू लागली. त्या तीन महिन्यांत धुरीवाड्याची भट्टी बंद होती, आणि मालवणातली यच्चयावत वाहनं कण्हत फिरत होती. गुंडू परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "मिरजेत एका गाडयेचो जॅक सुटलो." मी विश्वास ठेवला. या माणसानं कुणाला शेराचीही थाप मारलेली मी पाहिली नव्हती.

खरं काय ते मला हसनभाईनं सांगितलं. घाट चढून वर आल्यावर त्यानं गाडी थांबवली, दाजींसाठी आणि मेस्तासाठी चहा आणला आणि मागचं दार उघडलं. गुंडू गेला तेव्हा जसा बसला होता तसाच खाली बसलेला. उजवा हात कोपरापर्यंत गादीखाली घातलेला, बहिणीच्या पाठीखाली, आणि वर ती. सबंध घाटभर खाली लाकूड आणि वर मणका, मध्ये त्यानं तळहात ठेवला होता. हात सुजून काळानिळा झाला होता.

"मेस्ता, हात काढ. च्या घे," हसनभाई म्हणाला.

गुंडूनं मान हलवली. "आताच डोळो लागलो आसा तिचो," तो कुजबुजला. "हात काढलंय तर जागी जातली."

हसनभाई चहा घेऊन तसाच खाली उतरला. त्यानंतर मिरजेपर्यंत त्यानं गाडी कुठेच थांबवली नाही.